अहो, बेरिल

शेफिल्डमधला बसवाला मला 'लव्ह' म्हणाला
तेव्हा दचकून माझ्या हातातली नाणी सांडली.
नंतर कळलं, हे आपल्या 'ताई'सारखंच:
सगळ्यांना, फुकट, दार बंद होईपर्यंत.

चार महिने मी ह्या गावात
थँक्यू आणि सॉरी ह्यांच्या मधल्या पट्टीत राहिले.
लॅबमध्ये दिवसभर रक्ताच्या नळ्या,
नळीवर नाव, जन्मतारीख.
कोणाला लोह कमी, कोणाची साखर वाढलेली,
सगळं ठाऊक, चेहरा एकाचाही नाही.
संध्याकाळी चढ.
इथे कुठूनही घरी जायचं तर चढच.

तिसरी शिट्टी झाली आणि दार वाजलं.
खालच्या मजल्यावरची बाई,
गाऊनवर कोट, एकाच पायात सपात.
"काही फुटणार आहे का?"
नाही, म्हटलं, डाळ आहे.
मग 'या ना' म्हणायचं होतं.
कम इन म्हटलं, आणि 'ना' हाताने केला.

ती आत आली, पण बसली नाही.
जमिनीवरच्या विळीकडे बघत राहिली.
मिरजेची विळी, दोन साड्यांत गुंडाळून आणलेली.
वाकून तिने पात्यावरून अंगठा आडवा फिरवला:
"कोणी लावली ही धार? लाज वाटायला हवी त्याला."

बेरिल ऑक्सली.
पंधराव्या वर्षापासून सुऱ्यांच्या कारखान्यात,
डोक्याला फडकं, अंगाला तपकिरी कागद,
काटे, चमचे, सुऱ्या घासून आरशासारख्या करायच्या.
"किती लग्नांतली ताटं मी चमकवली,
जेवायला एकानेही नाही बोलावलं."
माझंही तसंच, म्हटलं, रक्ताच्या बाबतीत.
ती इतकी हसली की खोकला लागला,
आणि डाळ करपली.

विळी चार दिवस तिच्याकडे होती.
परत आली तेव्हा टोमॅटो नुसता टेकवला तर दुभंगला.
बोटही.
पट्टी तिनेच चिकटवली, जरा अभिमानाने.

इंग्रजीत सगळ्यांना यूच.
राजाला यू, मांजराला यू.
पण मनात मी तिच्याशी मराठीत बोलायचे,
आईपेक्षा दोन वर्षांनी मोठी, म्हणून
अहो बेरिल, बसा.
अहो बेरिल, तिखट आहे हं, जपून.
तिला काय कळणार
मी तिला केवढा मान देत होते.

फार काही सांगण्यासारखं नाही खरं तर.
ती मीठ नसलेले बटाटे आणायची, मी ते खायचे.
काही दिवस तर दारच उघडायची नाही,
आतून टीव्ही ऐकू यायचा, मी परत वर.
माझं ज्योत्स्ना तिच्या जिभेवरून तीनदा घसरलं,
मग दोघींनी नाद सोडला
आणि 'लव्ह'वर भागवलं.

फेब्रुवारीत मी तापाने पडले.
लॅबला फोन केला, आईला नाही केला.
खिडकीत बर्फ, उशाशी पाणी,
आणि ह्या अख्ख्या गावात
मी उठले की नाही उठले
ह्याचा हिशेब कोणाकडे असेल, असं मोजत होते.

चौथ्या दिवशी दार वाजलं.
"तीन दिवस शिट्टी नाही,"
ती तक्रार केल्यासारखी म्हणाली.
"म्हटलं, तूच फुटलीस की काय."
यूच म्हणाली असणार.
मला तू ऐकू आलं.

"अगं, ये ना," मी म्हटलं,
मोठ्याने, मराठीत.
"काय?"
काही नाही. कम इन.

आता ती ओट्याशी उभी आहे,
कुकरचं झाकण आत जाऊन मग वर येतं
हे तिला पटत नाहीये.
पांघरुणातून मी सांगते, तिरकं घाल, तिरकं.
झाकणाशी झटापट करत, मागे न बघता
ती विचारते:
"भाताला किती, लव्ह?"